दाभोळ ते मालगुंड: सामान लादून एका दिवसाची सायकलवाट

कोकण किनाऱ्याने सायकल चालवायची तर नुसते किलोमीटर मोजून दिवसाचा अंदाज येत नाही. चढ मोजावे लागतात. गावं खाली आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांत, समुद्रसपाटीला. दोन गावांच्या मध्ये सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. गाव सोडलं की चढ, सडा संपला की उतार, खाली साकव किंवा पूल, आणि पुन्हा चढ. एकेक चढ ८० ते १५० मीटर उंचीचा, घाटासारखा लांबलचक नाही, पण दिवसभरात असे आठ-दहा येतात. देशावर १०० किलोमीटर सहज मारणारा माणूस इथे साठाव्या किलोमीटरला हँडलवर डोकं टेकतो, तो यामुळेच.

पुढची सगळी माहिती एका ठरावीक वाटेसाठी आहे. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपावे, मग गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तिथून दुसऱ्या फेरीबोटीने शास्त्री ओलांडून जयगड आणि शेवटी केशवसुतांचं मालगुंड. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. त्यातले १२ ते १५ किलोमीटर सड्यावरच्या मातीच्या वाटांनी आणि आगरातल्या पाणंदींनी जाता येतात, बाकी गावचे डांबरी रस्ते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. ऑक्टोबरात उकाडा असह्य असतो आणि पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावर टायर साबणावरून घसरावा तसा जातो.

वेळेचं गणित

आदल्या दिवशी कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीच्या रेषा, दाखवणारा नकाशा उघडा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात दोन रेषांमध्ये २० मीटरची उंची असते. वाटेवर जिथे जिथे ओढा, वहाळ किंवा खाडी आडवी येते तिथे खूण करा. खुणेपासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या रेषा मोजल्या की तो चढ कळला. सगळ्या चढांची बेरीज या वाटेवर अंदाजे हजार मीटर धरून चाला.

सामान लादलेल्या सायकलीचा हिशोब असा करतात: डांबरी सपाटीवर ताशी १५ किलोमीटर, मातीवर ताशी ९, आणि चढाचा वेळ वेगळा, दर ५०० मीटर उंचीला एक तास. म्हणजे ६० किलोमीटर डांबरीला चार तास, १५ किलोमीटर मातीला पावणेदोन, हजार मीटर चढाला दोन. झाले पावणेआठ तास, नुसते पायडल मारण्याचे. दोन फेऱ्यांना वाट बघण्यासकट दीड तास, खाण्यापिण्याला आणि पाणी भरायला पावणेदोन. एकूण अकरा तास. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. म्हणजे गणित जेमतेम बसतं आणि हाताशी मोकळा वेळ जवळपास नसतो. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या लागतात.

पहिली, सकाळची पहिली फेरीबोट धरायची. तिची वेळ आदल्या संध्याकाळी दाभोळच्या जेट्टीवरच विचारा, आणि तवसाळ-जयगडच्या शेवटच्या फेरीची वेळही तिथूनच फोन करून कळते का बघा. बोट दुरुस्तीला गेली की वेळा बदलतात, त्यामुळे कुठेतरी वाचलेल्या वेळापत्रकावर विसंबू नका.

दुसरी, माघारीची वेळ. दुपारी दोनपर्यंत हेदवी गाठली नसेल तर पुढच्या मातीच्या वाटा सोडून सरळ डांबरी धरा. तीन वाजून गेले असतील तर हेदवीतच मुक्काम करा. जयगडची फेरीबोट चुकली तर खाडीला वळसा घालून जाणारा रस्ता इतका लांब आहे की सायकलीने त्या दिवसात होत नाही.

सायकल कशी हवी

फ्रेम कुठलीही चालते. गिअर आणि टायर मात्र जागेला साजेसेच हवेत.

गिअरचं कारण आकड्यांत बघा. पुढे २२ दात्यांची चकती आणि मागे ३४ दात्यांची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.४ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग ताशी ५ किलोमीटर. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरलं, तर शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर त्यासाठी साधारण १५० वॅट ताकद लागते. ती बऱ्यापैकी सवय असलेला माणूस अर्धा तास देऊ शकतो. पुढची सगळ्यात लहान चकती ३४ दात्यांची असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ताशी ७.७ होतो आणि लागणारी ताकद २३० वॅटच्या आसपास जाते. मग फेरे ६०वरून ४०वर येतात, सगळा भार गुडघ्यावर पडतो आणि तिसऱ्या चढाला गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायला लागते. म्हणून पुढची लहान चकती मागच्या मोठ्या चकतीपेक्षा लहानच असावी. मागची कॅसेट (चकत्यांचा संच) बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का हे दुकानात आधी विचारून घ्या.

टायर ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे. त्याहून बारीक टायर जांभ्याच्या कडेवर आपटला की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते. त्याहून फार जाड घेतला तर डांबरीवर उगाच ताकद जाते. ७५ किलोच्या माणसाने पाठीमागे सामान असताना पुढे ३८ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागे ४५ ते ४८ पीएसआय हवा ठेवावी. अंगठ्याने दाबून हवा बघणं विसरा. अंगठ्याला ३५ आणि ५५ यांतला फरक कळत नाही.

ब्रेकचे पॅड बाहेर काढून बघा. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर नवे घाला. रिम ब्रेक असेल तर शूवरच्या खाचा दिसायला हव्यात, आणि शूमध्ये रुतलेले ॲल्युमिनिअमचे चकचकीत कण सुईने काढा, नाहीतर ते रिम खातात.

सामान

एका दिवसाची वाट असली तरी पुढच्या मुक्कामाचे कपडे धरून ९ ते ११ किलो होतंच. त्याहून जास्त झालं तर काहीतरी काढा. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, दोन्हींचं वजन सारखं. अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक राहिला तर मातीवर सायकल एका अंगाला ओढते. जड वस्तू तळाला आणि चाकाच्या आसाजवळ. पाणी, हत्यारं खाली, कपडे वर. हँडलच्या पिशवीत दीड किलोपर्यंतच: फोन, पैसे, खाऊ, छोटं कुलूप.

कॅरिअरचे स्क्रू बहुधा ५ मिलिमीटरचे असतात आणि ४ नंबरच्या ॲलन कीने बसतात. खडबडीत वाटेवर सगळ्यात आधी सैल होतात ते हेच, आणि एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर जाऊन तोही तुटतो. घरी बसवतानाच आट्यांना निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. एक जादा स्क्रू पाण्याच्या बाटलीच्या स्टँडजवळ टेपने चिकटवून ठेवा. पिशव्यांच्या पट्ट्यांची लोंबती टोकं गाठ मारून आत खोचा. एक पट्टी कॅसेटमध्ये गुंडाळली गेली की मागचं चाक जागीच अडतं.

हत्यारांत हे हवंच: ट्यूब दोन, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन, टायर काढायचे दोन लिव्हर, दाब दाखवणारा पंप, चेनचा पिन काढता येतो असा मल्टिटूल, तुमच्या चेनला बसणाऱ्या दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या), तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा), गिअरची एक तार, दहा-बारा झिपटाय, जुन्या टायरचा ६ बाय ४ सेंटिमीटरचा तुकडा, छोटी तेलाची बाटली आणि चिंधी. ट्यूब दोन कशाला, तर गावातल्या सायकल दुकानात २६ आणि २८ इंची देशी सायकलीच्या ट्यूब मिळतात, ७०० मापाची मिळेलच असं नाही. तुमचा वाल बारीक परदेशी पद्धतीचा असेल तर मोटारसायकलच्या वालचा ॲडॉप्टर, ती छोटी पितळी टोपी, खिशात टाका. मग कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. फक्त कॉम्प्रेसरची हवा एका दमात घेऊ नका. एक सेकंद, थांबा, दाबून बघा, पुन्हा एक सेकंद. मोटारीच्या सवयीने धरलेली नळी सायकलची ट्यूब फोडते.

फेरीबोट

जेट्टीचा उतार ओला, शेवाळी आणि डिझेलने माखलेला असतो. तिथे सायकलवर बसून जाऊ नका. उतरा, सायकल उजव्या हाताला धरा आणि मागचा ब्रेक हलका दाबत चाला. आधी मोटारी चढू द्या. बोटीवर कठड्याला सायकल टेकवा, दोन्ही ब्रेकचे लिव्हर जुन्या ट्यूबच्या रबराने आवळून टाका आणि एक दोरी सीटच्या नळीतून कठड्याला बांधा. स्टँडवर भरवसा ठेवू नका. बोट टेकताना बसणाऱ्या धक्क्याने भरलेली सायकल हमखास पडते आणि पडते ती उजव्या अंगाला, डिरेलरवर.

बोटीत चढण्याआधी, चाक फिरत असतानाच, सगळ्यात हलका गिअर टाकून ठेवा. धोपाव्याला आणि जयगडला जेट्टी सोडली की लगेच चढ लागतो. थांबलेल्या सायकलीचा डिरेलर गिअर बदलत नाही, आणि भार देऊन बदलायला गेलात तर चेन मागच्या चकतीवरून निसटून स्पोकमध्ये अडकते.

चढ-उतार

चढ सुरू होण्याच्या वीस मीटर आधी गिअर हलका करा. बसूनच चढा. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते खडीवर फिरतं, आणि पिशव्या डोलायला लागतात. श्वास इतकाच चढू द्या की एक पूर्ण वाक्य बोलता यावं. शेवटच्या वळणाला जोर लावायचा मोह आवरा; आठवा चढ अजून यायचा आहे. दम तुटला तर उतरून ढकला. पण ढकलताना सायकलच्या डाव्या बाजूला राहा, म्हणजे चेन तुमच्या पायाला लागत नाही, आणि दर दोनशे पावलांना ब्रेक दाबून उभे राहा.

उतारावर दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवू नका. डिस्क असेल तर पॅड तापून पकड जाते, रिम ब्रेक असेल तर रिम तापते. वळणाआधी तीन-चार सेकंद दोन्ही ब्रेक जोरात, वळणात बोटं सैल, पुढे पुन्हा तसंच. या रस्त्यांवर वळणाच्या आतल्या कडेला पावसाने वाहून आणलेली बारीक खडी साठलेली असते. पुढचा ब्रेक तिच्यावर कधीही दाबू नका. आणि सकाळच्या वेळी नारळाच्या झावळ्या रस्त्यात पडलेल्या असतात; झावळीचा मधला दांडा चाकाला आडवा लागला तर पुढचं चाक सरकतं, म्हणून तो काटकोनातच ओलांडा.

गुहागरपर्यंतचा रस्ता रुंद आहे, तिथे वेळ भरून काढा. पालशेतच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि वळणं आंधळी. एसटी आली की कडेला थांबणं शहाणपणाचं. चालकाला तुमची पिशव्यांसकटची रुंदी लांबून कळत नाही. जयगडहून पुढे निवळीकडे जाणारा मोठा रस्ता बंदराच्या ट्रकांचा आहे. तो टाळून रीळ, वरवडे अशा किनाऱ्याच्या गावांतून मालगुंडला या.

मातीच्या वाटा

सड्यावरच्या जुन्या गाडीवाटांना दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची वरंबी असते. एक चाकोरी निवडा आणि तीच धरा. चाकोरी खोल असेल तर पायडल खाली असताना कडेच्या जांभ्यावर आपटतं. तिथे पायडल मारणं थांबवून दोन्ही पायडलं एका पातळीत ठेवा आणि वेगावर निघून जा. कोरडा जांभा सुरुवातीला खूप विश्वासू वाटतो, कारण खरखरीत असतो आणि टायर छान धरतो. धोका आहे तो त्याच्या सुट्या गोट्यांचा. वाटाण्याएवढ्या लालसर काळ्या गोट्या कठीण कातळावर पसरलेल्या असतात आणि चाक त्यांच्यावरून छऱ्यांवरून जावं तसं सरकतं. अशा ठिकाणी हँडल सरळ, सीटवरून किंचित मागे सरकलेलं अंग, आणि ब्रेक मागचाच.

आगरातल्या पाणंदीत पुळण, म्हणजे सुटी वाळू, असते. मागची हवा ३५पर्यंत आणि पुढची ३०पर्यंत उतरवा, गिअर दोन पायऱ्या हलका करा, नजर दहा मीटर पुढे. चाक रुतायला लागलं की हँडल झटकून वळवू नका, पायडल फिरवत राहा. पुळण संपल्यावर हवा पुन्हा भरायला मात्र विसरायचं नाही, कारण तेवढ्या हवेवर सड्यावर चढलात तर ट्यूब चिमटणारच.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू रस्त्यासारखी दिसते. त्यावर सायकल घालू नका असंच आम्ही सांगू. खाऱ्या पाण्याचे तुषार आणि बारीक वाळू चेनमध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये जाते आणि दोन किलोमीटरच्या मौजेसाठी आठवडाभर करकर ऐकावी लागते. खाजणाच्या चिखलात तर पाऊलही घालू नका. तो टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सिमेंटसारखा बसतो.

पाखाडी नकाशावर वाट म्हणून दिसते, पण त्या जांभ्याच्या पायऱ्या आहेत. तिथे पिशव्या काढा आणि दोन खेपा करा: आधी पिशव्या, मग सायकल खांद्यावर. सामानासकट सायकल उचलून पायऱ्या उतरायला गेलात तर पाठ धरते. नकाशावरची वाट पुढे कुणाच्या अंगणात किंवा कलमांच्या बागेत शिरते हे इथे नेहमीचं. गडग्याशी (दगडी कुंपणाशी) थांबा, हाक मारा: "काका, ह्या वाटेन खाली उतरता येईल काय?" बहुतेक वेळा माणूस स्वतः बेड्यापर्यंत (फाटकापर्यंत) येऊन वाट दाखवतो. बेडं उघडलं तर मागे लावून घ्या, नाहीतर गुरं बागेत शिरतात. मोहोराच्या दिवसांत बागेत औषध फवारत असतील तर तिथून जाऊच नका.

सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, आणि ते जांभ्याच्याच रंगाचं. विसाव्याला गडग्याच्या भेगांत हात घालू नका, दगड उचलून बघू नका, लघवीला जाताना गवतात पाऊल बघून टाका. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही न करता तो हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालय गाठा. सायकल तिथेच राहू द्या.

पाणी आणि खाणं

दिवसाला सहा लिटर पाणी लागतं. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर, तहान लागायच्या आधीपासून. फ्रेमवर पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि पिशवीत एक लिटर, एवढं भरलेलं असल्याशिवाय कुठलंही गाव सोडू नका, कारण विहिरी खाली गावात आहेत आणि सडा कोरडा. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि त्याच्याबरोबर मीठ जातं. दर तिसऱ्या बाटलीत क्षार संजीवनी घाला. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत उत्तम, फक्त मीठ घालून मागा. नुसतं साधं पाणी भरमसाट पीत राहिलात तर पोट डचमळतं, डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं की पाणीच कमी पडलं.

खाण्याचा नियम सोपा आहे: तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर. एका मध्यम केळ्यात २० ते २५ ग्रॅम असते. तासाला एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू किंवा गुळाची चिक्की, एवढं पुरतं. गुहागरात पोटभर न्याहारी करा, पोहे किंवा घावन-चटणी, आणि तिथूनच वेळणेश्वरच्या घरगुती खाणावळीत फोन करून जेवण सांगून ठेवा. कोकणातल्या खाणावळी माणसं मोजून रांधतात. न सांगता एक वाजता पोचलात तर जेवणच मिळत नाही, किंवा तासभर थांबावं लागतं. दुपारी भात-आमटी, भाजी, सोलकढी घ्या. तळलेली मासळी आणि मोदक मुक्कामी खा. ते पोटात असताना हेदवीच्या पुढचा चढ चढवत नाही.

ऊन अकरानंतर खरं लागतं. बारा ते दीड सावलीत काढा. जेवण तेव्हाच येईल असं आखा. चालवताना अंगावर काटा आला, घाम थांबला, कोपऱ्यावरची पाटी दोनदा वाचावी लागली, तर लगेच सावलीत आडवं व्हा, मानेवर आणि काखेत ओला पंचा ठेवा, क्षारांचं पाणी घोट घोट घ्या. बोलणं असंबद्ध होत असेल तर पुन्हा १०८. हेदवीत भरतीची वेळ साधली तर बामणघळीचं उसळतं पाणी बघायला वीस मिनिटं जरूर द्या. ओल्या कातळावर सायकलचे बूट घालून मात्र जाऊ नका.

पंक्चर, नीट

घाईत काढलेलं पंक्चर पाच किलोमीटरवर पुन्हा होतं. क्रम असा ठेवा.

टायर बसवताना त्याच्यावरचं नाव नेहमी वालशी जुळवून बसवायचं. मग ट्यूबला भोक सापडलं की टायरवरची जागा आपोआप कळते. चाक काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चकतीवर घ्या. ट्यूब काढून हवा भरा आणि ओठांजवळ धरून फिरवा, बारीक झुळूक ओठाला कळते. भोक एकच असेल तर काटा, तार किंवा शिंपलीचा तुकडा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर ट्यूब चिमटली आहे. म्हणजे हवा कमी होती, टायरमध्ये शोधायला काही नाही. चीर आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे.

टायरच्या आतून बोट फिरवू नका, चिंधी फिरवा. काटा चिंधीला अडकतो, बोटाला नाही. तो आतून बाहेर ढकलून काढा. करवंदीचा काटा मोडून अर्धा आत राहतो, आणि तोच दुसरं पंक्चर करतो.

ठिगळाची जागा पॉलिशपेपरने घासून तिचं काळं तेज जाऊ द्या. सोल्युशन ठिगळापेक्षा मोठ्या गोलात, पातळ लावा आणि तीन ते पाच मिनिटं थांबा. चमक जाऊन बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ लावायचं आणि लिव्हरच्या पाठीने मधून कडेकडे दाबत जायचं. ओल्यावरच लावलेलं ठिगळ उन्हात सरकतं. रस्त्यावर निम्मी ठिगळं यामुळेच सुटतात. उन्हात घाई असेल तर नवी ट्यूब घाला आणि जुनी रात्री दुरुस्त करा. बसवताना ट्यूबमध्ये दोन फुंका हवा असू द्या, म्हणजे ती पिळत नाही. टायरची शेवटची कड वालपाशी येऊ द्या, हातानेच चढवा. लिव्हरने चढवलीत तर ट्यूबला नवी चीर.

टायरची बगलच फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावा, मग ट्यूब. तुकडा नसेल तर दुधाच्या पिशवीच्या चार घड्या. हवा ३० पीएसआयच्या वर नको आणि वाट डांबरीच.

बाकीचं जे मोडतं

मागच्या चाकाचा स्पोक तुटला तर चाक एका अंगाला झोलतं. तुटलेला स्पोक शेजारच्याला झिपटायने बांधा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे, समोरच्या अंगाला जाणारे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा. चाक ब्रेकला घासायचं थांबलं की पुरे. पिशव्यांतलं काही वजन पुढे घ्या.

सायकल उजव्या अंगाला पडली की उठवल्यावर आधी मागून बघा. डिरेलर चकत्यांच्या रेषेत उभा दिसला पाहिजे. आत झुकला असेल तर हँगर वाकला आहे. मोठ्या चकतीवर चेन घालू नका, डिरेलर स्पोकमध्ये जाईल. हँगर बदलायला दहा मिनिटं लागतात. नसेल तर चेन तोडून, आखूड करून, मधल्या चकतीवर थेट जोडा आणि एकाच गिअरवर चढ ढकलत मुक्काम गाठा.

मुक्कामी पोचल्यावर

अंघोळीआधी सायकल. लाल धूळ तेलात मिसळली की कानशीच्या पुडीसारखी चेन खाते, आणि खाऱ्या हवेत एका रात्रीत तिच्यावर गंज दिसायला लागतो. विहिरीच्या गोड्या पाण्याचा तांब्या वरून ओता. चाकाच्या मध्यावर आणि पायडलच्या आसावर जोराची धार मारू नका. चेन चिंधीत धरून पायडल वीस फेरे उलटं फिरवा, चिंधी बदला, पुन्हा वीस. वाळल्यावर प्रत्येक कडीला तेलाचा एकच थेंब, आतल्या बाजूने, आणि पाच मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका. दिसणारं तेल धूळच गोळा करतं. डिस्कवर एक थेंबही उडू देऊ नका.

मग ॲलन कीने कॅरिअरचे चारही स्क्रू, हँडल आणि सीटपोस्ट. टायरवरून ओलं फडकं फिरवा, रुतलेली काच आणि काटे पिनेने उकरा. हवा रात्रीच पूर्ण भरा, आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. पाच पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर बारीक काटा अजून आत आहे. तो निघण्याआधी, चहा होईपर्यंत, शोधून काढा.